अस्तरातले पैसे

तीर्थस्वरूप आत्या,

शिरसाष्टांग नमस्कार. आपलेच पैसे काढायला आपल्यालाच पैसे का मोजावे लागतात, असं तू मला निघताना दारात विचारलंस. त्याचं उत्तर तेव्हा आलं नाही, आणि परदेशात सोळा दिवस काढूनही आलेलं नाही. घरातल्या पहिल्या पदवीधराला हे कबूल करणं जड जातं, पण एवढं सोडलं तर बाकी सगळं माझ्या हातात आहे, काळजी नसावी. तुझं मनगट कसं आहे? शेक घेतेस ना? (दादा, तुझ्या फोनवर पाठवलेलं हे पत्र आत्याला शिवणाच्या मशीनजवळ बसून वाचून दाखव. आतोबा घरात असतील तर ताजा कलम वाचू नकोस.)

पाणी तपासणीचं प्रशिक्षण उत्तम चाललं आहे. पैशांचंही मी आधीच पक्कं ठरवलं होतं. तुम्हा सगळ्यांना समोर बसवून तासभर समजावलं होतं, आठवतं ना? विमानतळावर पैसे बदलायचे नाहीत, तिथे कापतात. कार्डानं यंत्रातून काढायचे, आणि लागतील तेवढेच, म्हणजे उधळपट्टी होत नाही. तत्त्व म्हणून हे मला अजूनही पटतं. फक्त दर खेपेला ठरावीक रक्कम कापली जाते, मग तुम्ही चहापुरते काढा नाहीतर घर घ्यायला काढा, हे माझ्या तासाभराच्या भाषणात राहून गेलं होतं. मी नऊ वेळा काढले. शिवाय यंत्र प्रत्येक वेळी अदबीनं विचारायचं, हिशेब तुमच्या चलनात करू की इथल्या? परक्या मुलुखात आपल्या चलनाची कोणी एवढी विचारपूस करतंय म्हटल्यावर मी नऊही वेळा ताठ मानेनं ‘आमच्या’चं बटण दाबलं. माझ्या खोलीतली जोडीदारीण (तीही बाहेरूनच आलेली, पण तिचे वडील बँकेत आहेत) कपाळाला हात लावून म्हणाली, “अगं, तसं केलंस की भाव यंत्रवाले लावतात. इथल्या चलनात घे, मग आपली बँक लावते, ते स्वस्त पडतं.” आता माझी पद्धत निर्दोष आहे. काढायला खात्यात फारसं उरलेलं नाही, एवढंच.

आणि तुझी डावखुऱ्यांची कात्री तर घ्यायचीच होती. तीस वर्षं तू उजव्यांची कात्री डाव्या हातात धरून कापड कापते आहेस, मनगट दुखेल नाहीतर काय. (आपल्याकडे सात दुकानं पालथी घातली होती, सातही दुकानदारांनी मला उजव्या हातानं कापायला शिकवलं.) तशी कात्री मिळाली तर शिवत राहीन, नाहीतर मशीन विकून मोकळी होईन, असं तू म्हणालीस, आणि आतोबांनी लगेच गिऱ्हाईकही शोधलं. म्हणून मी शेवटी, तू बिनबाह्यांच्या जाकिटाच्या अस्तरात शिवून दिलेल्या नोटांना हात घालायचं ठरवलं.

पण हात घालता येईल असं तू शिवायला हवं होतंस. सेफ्टीपिन झाली, नेलकटर झालं, प्रयोगशाळेतला चिमटाही वाकला. धाग्याचं टोक काही सापडेना. मग कोपऱ्यावर कपडे दुरुस्त करून देणारी एक बाई आहे, तिच्याकडे गेले. दुकान आपल्या न्हाणीघराएवढं, भिंतीवर बटणांच्या बरण्या, इस्त्रीची वाफ, आणि बाईच्या तोंडात टाचण्या. तिनं अस्तर उजेडात धरलं, उलटं केलं, एकेक टाचणी तोंडातून काढून ठेवली आणि विचारलं, “शिवणारी डावखुरी आहे का?” मी हो म्हटलं. (आमची दोघींची इंग्रजी मोडकी, पण सारखीच मोडकी असल्यामुळे छान जमतं.) “मग तू चुकीच्या बाजूनं उसवत होतीस,” ती म्हणाली, आणि डाव्या हातानं टोक काढून दिलं. पैसे घेतले नाहीत.

जाकीट तिच्याकडेच ठेवून, नोटा घेऊन शेजारच्या चलन बदलणाऱ्याकडे गेले. त्यानं सांगितलेला भाव मी तुला कळवत नाही, तुला रक्तदाब आहे. तशीच परत फिरले, तर बाई अजून तुझ्या शिवणीवरून बोट फिरवत बसली होती.

सगळ्यांना नमस्कार.

तुझी भाची

ता. क. तुझ्या नोटा न मोडता परत आणते आहे. अस्तरात शिवलेले पैसे खर्च होत नाहीत हे तुझं म्हणणं खरं ठरलं, तासाभराच्या भाषणाविना. कात्रीही आणते आहे. डावखुऱ्यांची, कोरी.

ता. क. २ कशी, ते आता सांगते. बाईची बरीच गिऱ्हाइकं प्रवासाला जातात. तिला तुझ्या हातची चोरखिशाची सहा जाकिटं हवी आहेत. अट एकच, घालणाऱ्याला टोक सापडलं पाहिजे. कात्री हा त्याचा विसार. मापं सोबत आहेत, मुदत दोन महिने. आत्या, नाही म्हणू नकोस, कारण तुझ्या वतीनं मी सही केली आहे.

ता. क. ३ (दादा, हे हळू वाच.) रविवारी मशीन न्यायला येणाऱ्या माणसाला मी काल इथून फोन करून सांगितलं, मशीन विकायचं नाही, घरात काम आलंय. फोनचे किती पडले ते विचारू नकोस. ते मी इथल्या चलनात भरले.