रक्त धुण्याचा वार

४ जानेवारी

चि. ठोंब्यास,
अ. उ. आ.

तुझी किडनी मला जुळते, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. लहानपणी आपलं एक मिनिट जुळलं नाही, आता आतून जुळतंय म्हणे! माझं ठीक चाललंय. मशीनवर रक्त धुऊन घेते, वाळत घालायचं तेवढं राहतं. दुकानात पडदे शिवायला बसते, पण पाय सुजतात, म्हणून मालकीणबाई दुपारीच घरी पिटाळतात.

दारू सुटली आहे हे तपासणीत दिसल्याशिवाय डॉक्टरीणबाई तुला ऑपरेशनच्या टेबलावर घेणार नाहीत. पाट्या रंगवताना हात थरथरला तर ब्रश खाली ठेव, बाटली उचलू नकोस. माझी नाही, तर स्वतःची तरी काळजी घे.

तुझी ताई

२० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, कान धरतो. दारू बंद आहे. बेकरीची पाटी रंगवली, अक्षरं सरळ आली. बेकरीवाला म्हणाला, की मी माणसात आलो. काम संपल्यावर या हातांचं काय करायचं ते कळत नाही, मग खिशात घालून हिंडतो. गुत्ता टाळायला लांबच्या रस्त्याने घरी येतो. तपासणीला नक्की येतो. एक काय, दोन्ही घे.

तुझाच,
ठोंब्या

१२ मार्च

चि. ठोंब्यास,
आशीर्वाद.

डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून सांगितलं, की तुझ्या रक्तात दारू निघाली, तुझं नाव आता बाजूला काढलंय. मी बरं म्हणाले. त्यांनी पाणी दिलं, ते प्यायले. मला मोजूनच प्यायचं असतं, दिवसाचं त्यातच संपलं. घरी येऊन राहिलेला पडदा शिवला.

तुझा राग येईल म्हणून वाट पाहिली. आला नाही. रडूही नाही. दात काढायच्या आधी सुई देतात ना, तसं सगळीकडे झालंय.

किडनीसाठी आता येऊ नकोस. नुसता भेटायला येणार असलास तर ये. मंगळवारी मशीनवर वेळ जाता जात नाही.

ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न.

तपासणीच्या सकाळी दवाखान्यात यायलाच निघालो होतो. वाटेत पाय गुत्त्याकडे वळले. एकच, म्हटलं. पुढचं तुला कळलंच. मलाही काही वाटत नाही. वाटायला हवं, एवढं मात्र कळतं.

या मंगळवारी आलो होतो. प्यायलो नव्हतो. तू झोपली होतीस. सिस्टरने कोण म्हणून विचारलं, मी भाऊ म्हणालो. तुझ्या पायावरचं पांघरूण सरकलं होतं, ते नीट केलं. मग हात फारच थरथरायला लागले, म्हणून निघालो. तिथून सरळ घरी गेलो का, ते विचारू नकोस.

ठोंब्या

५ एप्रिल

चि. ठोंब्यास,
आशीर्वाद.

मी झोपले नव्हते. जवळ आलास तेव्हा टर्पेंटाइनचा वास आला, दुसरा नाही आला. डोळे उघडले असते तर काहीतरी बोलावं लागलं असतं, आणि तू उठून गेला असतास. म्हणून तशीच पडून राहिले. तू पुन्हा नीट करशील म्हणून पांघरूण सरकवणार होते, पण हात मशीनला बांधलेला.

मंगळवारी ये. डोळे उघडेनच असं नाही.

तुझी ताई