न्हाणीचं दार

अण्णा, तुमच्या न्हाणीचं दार मी काढलं. आत उघडायचं, ते आता बाहेर उघडतं. खालची शहाबादी फरशी उखडून खडबडीत टाइल्स बसवल्या, उंबरठा सपाट केला, भिंतीला धरायला स्टीलचे दोन दांडे लावले. तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली, एवढ्या काळात मायला विचारल्याशिवाय या घरात कुणी खिळा ठोकला नव्हता. या वेळी विचारलं नाही. ती खुब्याचं ऑपरेशन होऊन दवाखान्यात पडलेली, आणि मी इकडं सुताराच्या डोक्यावर उभा, कारण ती घरी यायच्या आत काम उरकायचं होतं. एक दांडा किंचित तिरका बसलाय. सुतार म्हणाला, "चालतंय की, काका." तुमच्यापुढं हा शब्द काढायची कुणाची टाप नव्हती. कॉलेजच्या सुट्टीत मी तुमच्या हाताखाली सिडकोतल्या एका बंगल्यात फरशी बसवत होतो. एक फरशी पोकळ वाजली, तर तुम्ही अख्खी ओळ उचलायला लावलीत. घरमालक राहू द्या म्हणत होता. त्याच्याकडं न बघता तुम्ही मला म्हणालात, "हितं मानूस उघड्या अंगानं, वल्या पायानं उभं ऱ्हातंय. हितं चालतंय म्हनायचं नाय." त्या दिवशी मला तुमचा फार राग आला होता.

लोक आधी खोली बांधतात. तुम्ही पडेगावच्या प्लॉटवर आधी न्हाणी बांधली आणि आपण पुढं वर्षभर पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. शेजारी हसायचे, यांना राहायला घर नाही आणि अंघोळीला महाल. त्यामागचं कारण मला तुमच्या सुनेकडून आत्ता कळलं. दवाखान्यात मायनं तिला सांगितलं. पैठणजवळच्या गावात माय गोणपाटाच्या आडोशाला अंघोळ करायची, आणि गोणपाटाला भोकं असतात, म्हणून लुगडं नेसूनच. माहेरीही तसंच आणि सासरीही तसंच. तिशी उलटल्यावर ती पहिल्यांदा अंगावरचं सगळं काढून न्हायली, ती तुमच्या चार भिंतींत, तुम्ही गुलमंडीतून आणलेली पितळी कडी आतून लावून. दार आत उघडणारं तुम्ही मुद्दाम केलंत, बाहेरून कुणाला ओढता येऊ नये म्हणून. हे मला आधी माहीत असतं तर मी वेगळं काही केलं असतं का, सांगता येत नाही.

ती पडली त्या दिवशी मला कामावर दुसरी पाळी, म्हणून सकाळी मी घरी. सकाळचे दहा वाजलेत. तुमची सून दौलताबादला तिच्या शाळेवर गेलीय. मी चहा घेतोय आणि न्हाणीतून धप्पकन आवाज येतो. मग तांब्या गडगडत गेल्याचा. मग नुसता नळ. मी हाक मारतो, पुन्हा मारतो, तिसऱ्यांदा ओरडतो तेव्हा आतून येतं, "पडले रं." मी दाराला खांदा लावतो. तुमची कडी, ती काय एका धडकेत निघते! चौथ्या धडकेला स्क्रू सुटतात, कडी आत खणकन पडते, आणि माय ओरडते, आयुष्यात कधी ऐकला नव्हता अशा आवाजात, "आत येऊ नगं! आंगावर कायबी नाय माझ्या."

"शेजारच्या काकूला बोलावतो."

"कुनालाच नगं. सूनबाईला येऊ दी."

"तिला यायला वेळ लागंल, माय."

"लागू दी."

मी फोन करतो आणि दाराबाहेर बसून राहतो. पाऊण तास. ती ओल्या फरशीवर आहे, तिचे दात वाजतायत ते मला ऐकू येतंय. मी मधूनमधून विचारतो, "माय, हायेस ना?" ती म्हणते, "हाय." शेवटी शेवटी तेही म्हणत नाही.

एवढा उशीर का केला, असं डॉक्टरांनी विचारलं. मी सांगितलं, दार आत उघडतं आणि माय दारालाच टेकून पडली होती, ढकललं असतं तर तिलाच लागलं असतं. डॉक्टर म्हणाले, म्हातारं माणूस असलेल्या घरात दार बाहेर उघडणारं हवं, आणि आतून कडी नको. मग जो येईल तो तुमच्या दाराला नावं ठेवू लागला. सुतारानं ठेवली, शेजाऱ्यांनी ठेवली. तुमची सूनसुद्धा म्हणाली, अण्णांसारख्या कारागिराला हे कसं सुचलं नाही?

माय वॉकर घेऊन घरी आली. दांड्यांकडं तिनं पाहिलंही नाही.

"कडी कुठंय?"

"डॉक्टर नको म्हणाले."

"डाक्टर न्हातो का हितं?"

सहा दिवस तिनं अंघोळ केली नाही. ओल्या फडक्यानं अंग पुसायची, तेही खोलीत, आम्हाला बाहेर काढून. अंघोळीशिवाय ती बुद्धवंदनेला बसत नाही, तेव्हा वंदनाही बंद. तुमची सून म्हणाली, मी घालते अंघोळ. तर म्हणे, "दवाखान्यात इलाज नव्हता. हे माझं घर हाय." चौथ्या दिवशी माझा तोल गेला. पुन्हा पडलीस तर काय करायचं, असं मी तिच्यावर ओरडलो. ती शांतपणे म्हणाली, "पडंन. कडी लावून पडंन." त्या क्षणी मला तिची भीतीच वाटली, अण्णा.

काल तुमच्या सुनेनं एक कडी आणली. आतून लागते, पण बाहेरच्या बाजूला खाच आहे, तिच्यात स्क्रू-ड्रायव्हर फिरवला की उघडते. मी म्हणालो, मायला खाचेचं सांगायलाच नको. ती म्हणाली, फसवायचं नाही. तिनं सरळ मायपुढं कडी ठेवली आणि विचारलं, "आई, ही बाहेरून उघडते. पण कुणी उघडायची, ते तुम्ही ठरवायचं." मायनं ती पाच-सहा वेळा लावून, उघडून पाहिली.

"तू," ती म्हणाली.

"आणि मी घरी नसले तर?"

माय माझ्याकडं बघत राहिली. "मंग ह्यानं. पन ह्या टायमाला आत ये म्हनावं."

सून हसली, तिला ती थट्टा वाटली. मला हसता आलं नाही.

माय दाराला टेकून पडली नव्हती, अण्णा. ती पार पलीकडं, नळाखाली होती. दारामागं फक्त तिची बादली होती, कडी लावल्यावरही माय दाराला टेकवून ठेवते ती, आणि बादली माझ्या ढकलण्यानं सरकली. माणूस आत जाईल एवढं दार उघडलं होतं. तिनं नको म्हटलं म्हणून मी थांबलो, हे खरं आहे. पण तिनं "हाय" म्हणायचं सोडलं, त्यानंतरही मी थांबलो, ते तिच्यासाठी नव्हतं. खुंटीवर तिचं लुगडं होतं. डोळे मिटून अंगावर टाकता आलं असतं. मला माझ्या आईचं म्हातारं, उघडं अंग बघायचं नव्हतं, म्हणून मी दार पुन्हा ओढून घेतलं. सून धावत आली आणि ढकलून आत गेली, तेव्हा माय कुठं आणि बादली कुठं हे बघायचं भान कुणाला होतं?

मायला मात्र माहीत आहे, आणि ती कुणाला बोललेली नाही. आज सकाळी ती नव्या कडीच्या आत जाऊन न्हायली. मी बाहेर उभा होतो, हातात स्क्रू-ड्रायव्हर घट्ट धरून, पाणी पडल्याचा प्रत्येक आवाज मोजत. बाहेर आली, माझ्याकडं न बघता वंदनेला बसली.

तुमच्या दाराची काही चूक नव्हती. हे मी तुमच्या सुनेला अजून सांगितलेलं नाही.