तुझ्या शाळेच्या विरोधात

प्रिय आई,

मीटिंग सहाला आहे आणि मी तुझ्या शाळेबाहेर गाडीत बसले आहे. तुझ्याशी बोलल्याशिवाय आत जायला पाय उचलणार नाही, म्हणून लिहिते आहे.

कौन्सिलला ही शाळा बंद करून मुलांना नव्या इमारतीत हलवायचंय. आम्हा गव्हर्नरांचं, म्हणजे शाळेच्या कारभारी समितीचं, मत आज कळवायचं आहे. निम्मे इकडे, निम्मे तिकडे, आणि मधे पालकांची प्रतिनिधी म्हणून मी. फाटकावर ‘शाळा वाचवा’चं पोस्टर लागलंय. त्यावर कोणाचा फोटो आहे माहितेय? तुझा! एप्रन घातलेली, हातात डाव.

तुला कोणी सांगितलं होतं इतकं लाडकं व्हायला?

गिरणीमालकाने कामगारांच्या मुलांसाठी बांधलेली ही शाळा. दुसऱ्या महायुद्धात मुलं हिच्या तळघरात बसून पाढे म्हणायची. मिलेनियमच्या वर्षी शाळेने आपला इतिहास छापला, त्यात हे सगळं आहे आणि शेवटच्या पानावर तू आहेस. खंडेनवमीला तू शाळेच्या किचनमधल्या पातेल्यांना आणि सुऱ्यांना हळदकुंकू लावलंस. मुख्य स्वयंपाकिणीला ते रक्त वाटलं. किचन बंद, सगळ्या शाळेला सँडविच! तू मात्र शांतपणे हेडटीचरना सांगितलंस, ज्यांच्यावर आपलं पोट चालतं त्यांना आम्ही एक दिवस नमस्कार करतो. पुढच्या वर्षापासून मुलंही त्या दिवशी आपल्या पेन्सिली, रंग, फुटबॉल मांडायला लागली. अजून मांडतात.

तुझी नात इरा तुला भेटलीच नाही. ती आता इथेच शिकते. वर्गाच्या भिंतींना ओल आहे, बुरशी कितीही घासली तरी परत येते. या हिवाळ्यात दम्याने तिला दोनदा हॉस्पिटलात न्यावं लागलं. श्वास ओढताना तिच्या गळ्याखाली खळगा पडतो, आई. मी नुसती बघत बसते. वर्गातल्या कितीतरी मुलांच्या दप्तरात इनहेलर आहे, आणि दुरुस्तीचं कोणी नावही काढत नाही.

दुपारी निलेशचा लंडनहून, हाउन्सलोहून फोन आला. "ताई, यू कान्ट डू धिस. आईचा फोटो आहे तिथे. लोकं काय म्हणेल?"

धाकट्याचं मराठी अजून तसंच आहे. मी म्हटलं, "लोकांना इराबरोबर रात्रभर जागावं लागत नाही." आणि फोन ठेवला.

तू असतीस तर काय केलं असतंस? हे विचारायला तू नाहीस, याचं आज मला दुःख कमी आणि राग जास्त येतोय.

आत्ताच हेडटीचर गाडीच्या खिडकीशी येऊन म्हणाल्या, "युअर मम वुड बी सो प्राउड टुनाइट." त्यांना वाटतंय मी त्यांच्याच बाजूची. मी नुसतीच काच वर केली.

आता जाते. तुला एक शब्द देते. ‘आईलाही हेच पटलं असतं’ असं मी आत म्हणणार नाही. तुझ्या नावाआड लपणार नाही. शाळा बंद करायच्या बाजूने हात वर करेन, हेडटीचरांच्या डोळ्यांत बघून, आणि सगळे हात मोजून होईपर्यंत खाली घेणार नाही.

तुझीच,
मेधा