जर्मनच्या होडीचा तळ

आबा, धरणावर आता फायबरची होडी आलीय. परवा माहेरी गेले तेव्हा काठावरून ती बघितली, आणि तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय.

गाव पाण्याखाली गेल्यावर आपण वर डोंगराकडे सरकलो आणि बाजाराची वाट पाण्यावरून झाली. सरकारनं दिलेली जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, होडी तुमच्या हातात आली. लाकूड कुजतं, लोखंड गंजतं, जर्मनला काही होत नाही, असं सगळेच म्हणायचे. त्या उन्हाळ्यात तुम्ही तळाच्या फळ्या उचलल्या तर खाली रांगोळी सांडावी तशी पांढरी भुकटी. गावातल्या दुकानाच्या मिठाच्या गोण्या वर्षानुवर्षं त्याच ओलीत ठेवलेल्या. मंचरच्या वर्कशॉपात मागे लोखंडी ठिगळ बोल्टांनी बसवून घेतलं होतं, त्याच्या कडेनं तर पत्रा पार खाल्लेला. तुम्ही दाभण टेकवलं आणि ते आरपार गेलं. मग म्हणालात, "गंजत न्हाई म्हनून आपन कदी बगितलंच न्हाई."

होडी तुम्ही वर ओढून ठेवलीत. लोक रोज येऊन भांडायचे. डोंगराला वळसा घालून रस्त्याला लागायचं म्हणजे दिवस मोडायचा. कुणी म्हणालं, एवढ्याशा भोकांना काय भ्यायचं. तुम्ही ऐकून घ्यायचात. अर्ज दिलाय, नवी येईल, एवढंच सांगायचात.

मग चुलती अडली. मूल आडवं होतं, सुईणीनं हात टेकले. काका दारात येऊन उभे राहिले. तुम्ही भोकांत डांबर आणि चिंध्या कोंबल्या, मला हाक मारलीत आणि होडी पाण्यात लोटली. मी डब्यानं पाणी उपसतेय, चुलती माझा पदर मुठीत धरून विव्हळतेय, काका तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलेत आणि तुम्ही एकदाही तळाकडे बघत नाही. पलीकडे लागलो तेव्हा पाणी माझ्या पोटऱ्यांपर्यंत आलं होतं. चुलती वाचली. मूल नाही वाचलं.

गावाला मात्र एवढंच दिसलं, की होडी पोचली. दुसऱ्या दिवशी माणसं बोचकी घेऊन काठावर हजर. तुम्ही पहार आणलीत आणि सगळ्यांसमोर तळ फोडलात. "काल पोचलो. उद्या न्हाई पोचायचो," म्हणालात.

त्या पावसाळ्यात खालच्या आळीतल्या म्हाताऱ्याला पान लागलं, साप चावला. झोळीत घालून डोंगरातून नेताना तो वाटेतच गेला. त्याच्या मुलानं पुन्हा आपल्या घरचं पाणी घेतलं नाही, आणि तुमच्या मातीलाही तो आला नाही. तुम्ही बरोबर होतात का, हे मी अजून कुणाला ठामपणे सांगू शकत नाही. होडी राहिली असती तर म्हातारा जगला असता, की तिच्यासकट आणखी दहाजण बुडाले असते? तुम्हीही हेच घोकत असणार; शेवटी शेवटी तुम्ही काठाकडे पाठ करूनच बसायचात.

हे लिहून मी घडी घालणार आणि पेटीत ठेवणार, दुसरं काय. फक्त एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी तुम्ही आईला सोडून मला घेतलंत, पोरीला पोहता येतं म्हणून. आबा, मला पोहता येत नव्हतं. अजूनही येत नाही.