ओल्या रंगावरचा अंगठा

अंबरनाथ, खंडेनवमी, १९८८

आज मी बाबांना हातोडी मारली.

तीन महिने कानशीने घासून वीतभर पितळी इंजिन घडवलं, दुपारी त्याला लाल रंग दिला. संध्याकाळी पाटावर हत्यारं मांडली, तर पूजा करताना बाबांनी इंजिनालाही कुंकू लावलं. ओल्या रंगावर अख्खा अंगठा! माझं डोकंच फिरलं. पाटावरचीच हातोडी उचलली आणि त्यांच्या टेकलेल्या हातावर हाणली. त्याच अंगठ्याचं नख फुटलं. तांदळावर रक्त. ओरडलेसुद्धा नाहीत. एवढंच म्हणाले, "ठेव ती. आज हत्याराला हात लावायचा नसतो रे."

माणूस आहे का मी?

रंग वाळलाय. अंगठ्याची रेघन्‌रेघ दिसतेय. पॉलिश पेपर हातात आहे, पण घासवत नाही.

उद्या दसरा. सोनं देऊन बाबांच्या पाया पडायचं. कुठल्या तोंडाने?