नाडी सरळ होती, दादा

प्रिय दादा,

तुला जाऊन चौदा महिने झाले आणि मी एक ओळही लिहिली नाही. गेलेल्या माणसाला पत्र लिहिणं मला रिकामटेकडेपणा वाटतो. आज लिहिते आहे, कारण रविवारी मी राजूरला किसनच्या घरी जाऊन आले. होय, किसनच्याच! ज्याचं तोंड बघणार नाही असं मी आपल्या भिंगार गावभर सांगत फिरले, त्याच्या. हे तुला दुसरं कोण सांगणार?

पण आधी तुझं. वर्षभर तुझ्या हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडत होते. पुण्याला नेलं. मांडीच्या शिरेतून बारीक नळी घालून हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात डागण्या दिल्या. ठोके सुधारले, तू घरी आलास. रोज सकाळी मनगटावर बोटं ठेवून घड्याळ बघायचास. "नलू, नवी मोटर बसवलीय गं!"

पाणीपुरवठ्यात जन्म गेला तुझा. मोटर फिरतेय पण टाकीत पाणी नाही, अशा तक्रारी तूच ऐकल्यास ना? मग स्वतःच्या छातीत तसंच असू शकतं, हे कसं सुचलं नाही?

ठोका सरळ झाला म्हणजे कप्पा लगेच कामाला लागला असं नसतं. इतके महिने नुसता थरथरून तो सैल पडलेला, त्यात डागण्यांची सूज. नीट आवळायला त्याला आठवडे लागतात, कधी महिने, आणि कधी पूर्वीसारखा होतही नाही. तोवर रक्त त्याच्या एका कोपऱ्यात साचतं, तिथे गुठळी होते आणि मेंदूकडे जाते. म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. नाडी कितीही शहाणी असली तरी! हे मला एका डॉक्टरांनी मराठीत नीट समजावलं. कधी? तू गेल्यावर! घरी सोडताना हॉस्पिटलनं तुला दिलेल्या कागदांत तिसऱ्या पानाच्या तळाशी एक इंग्रजी ओळ होती, बस्स. ती मी तुला वाचून दाखवली. तू म्हणालास, "तू टायपिस्ट होतीस. डॉक्टर कधी झालीस?"

मग किसनचा फोन आला. तुझा पाणीखात्यातला सोबती, तुझ्या लेखी त्याचा शब्द म्हणजे सरकारी आदेश. "नाडी सरळ हाय ना? मग गोळ्या कशापायी?" ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येत होतं, म्हणून तुला त्या नकोच होत्या. आता निमित्त मिळालं.

आणि मी? कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर शिकवायच्या, चूक आपली असेल तर कुणी विचारायच्या आत उभं राहायचं. तर ही मी उभी आहे.

त्या आठवड्यात आपला अबोला होता. तू शिडी लावून गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बघायला चढलास आणि मी शेजाऱ्यांदेखत तुला झापलं. "बहीण आहेस, हेडमास्तरीण नाहीस," असं म्हणून तू बोलणं टाकलंस. मी पण टाकलं. "चहा ठेवलाय," हे मी भिंतीला सांगायची. सहाव्या दिवशी गोळ्यांचं नवं पाकीट पाहिलं, एकही कमी झाली नव्हती. मी तुझ्यासमोर यायला हवं होतं. मी तुझ्या खोलीबाहेरच थांबले आणि भांडी घासणाऱ्या शोभाला म्हटलं, "त्यांना सांग, गोळ्या घ्या म्हणावं." शोभानं तुझं उत्तर आणलं, "तिला सांग, हृदय माझं आहे." मला वाटलं, बरं, आधी बोलशील तूच!

तू बोललाच नाहीस. दोन दिवसांनी कप हातातून सुटला तेव्हा तोंड वाकडं झालं होतं, शब्द फुटत नव्हता.

चौदा महिने मी सगळं किसनवर ढकललं. सोपं पडतं. शनिवारी त्याच्या बायकोचा, हौसाबाईचा फोन आला. दोन महिन्यांपूर्वी नाशिकला त्याच्याही हृदयात तुझ्यासारख्याच डागण्या दिल्या. "ताई, ह्यांनी बी गोळ्या सोडल्यात. लई बरं वाटतंय म्हनत्यात. माझं न्हाई ऐकत, तुमी सांगा की."

पहिला विचार आला, भोगू दे! खोटं कशाला सांगू? पण सकाळी सहाच्या एसटीत बसले. संगमनेरला गाडी बदलली, पुढे अकोले, तिथून जीपमध्ये कोंबून राजूर.

किसन ओट्यावर भाताचं बी पाखडत बसला होता. मला बघून सूप तसंच धरून राहिला.

"ताई, मीच सांगितलं हुतं दादाला."

"माहीत आहे. आणि मी भरलेलं पाकीट बघूनही त्याच्यासमोर गेले नाही. दोघांनी मिळून एक माणूस घालवला. आता दुसरा घालवायचा आहे का?"

"पर माझी नाडी एकदम सरळ हाय, ताई."

"त्याचीही होती."

त्यानं सूप खाली ठेवलं. हौसाबाई आतून म्हणाली, "आता कसं गप झालं!" मी तिथेच त्याच्या डॉक्टरांना फोन लावून त्याच्या हातात दिला. डॉक्टर म्हणाले, आजपासून परत सुरू करा, मला विचारल्याशिवाय एकही चुकवू नका. माझ्यासमोर गोळी घेतली त्यानं. मग रडला. मी रडले नाही, हौसाबाईनं दिलेला चहा प्यायले. फार गोड होता, तेही सांगितलं.

दादा, तुझ्यावरचा राग गेलेला नाही. साठी उलटलेला माणूस बहिणीशी रुसून जीव घालवतो? माझ्यावरचाही गेलेला नाही.

पुढच्या महिन्यात किसनच्या हृदयाची सोनोग्राफी आहे. मी नाशिकला सोबत जाणार. वचन देते, नाडी कशी आहे हे मी विचारणारच नाही. कप्पा किती आवळतो ते विचारीन. गोळ्या कधीपर्यंत, आणि का, हे डॉक्टर किसनला त्याला कळेल अशा मराठीत सांगेपर्यंत खुर्चीतून उठणार नाही. बाहेर थांबा म्हणाले तर म्हणेन, मी एकदा बाहेर थांबले आहे.

तुझी,
नलू