पन्नाशीचा मुराळी

फर्दापूर,
ता. १८ सप्टेंबर १९८७

चि. सौ. मंजुळास बद्रीनाथचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व ठीक आहे. लेणी पाहणाऱ्यांची गर्दी अजून सुरू झाली नाही, त्यामुळे हॉटेलात मी आणि माश्या एवढेच असतो. तुझी वहिनी म्हणते, माश्या तरी इकडून तिकडं फिरतात.

यंदा दिवाळीला तुला आणायला मुराळी पाठवणार, हे आधीच कळवून ठेवतो. आमच्या थोरल्याला, कारभारीला, धनतेरसेच्या सकाळी पहिल्या गाडीनं धाडतो. गेल्या वर्षी हॉटेलच्या गडबडीत मुराळी धाडायचा राहिला आणि तू बन्सीला घेऊन एकटीच आलीस. आलीस ती काय, भाऊबीज ओवाळली की दुसऱ्या दिवशी पळालीस. निघताना मी बन्सीला फाट्यावर उसाचा रस पाजायला नेला, तर तू त्याच्या हातातला ग्लास काढून घेतलास. लेकरू रसवंतीच्या घुंगरांकडे बघत रडत राहिलं. मी तेव्हा बोललो नाही, पण मला ते बरं वाटलं नाही. औरंगाबादला राहून रसाला नाक मुरडायला लागलीस की काय?

त्रिंबकरावांना नमस्कार, बन्सीला पापा. माया आहेच, ती कागदावर काय मागायची.

तुझा दादा,
बद्रीनाथ


औरंगाबाद,
ता. २४ सप्टेंबर १९८७

ती. दादांस मंजुळाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. वहिनीचं माश्यांचं वाचून हसले.

दादा, यंदा मुराळी पाठवू नका. यांना वाळूजच्या कंपनीत दिवाळीतही शिफ्ट आहे. घराला चुना मारायचा आहे. शेजारच्या साळूबाईची लेक बाळंतपणाला आली आहे, तिला माझ्याशिवाय कुणी नाही. शिवाय बन्सीला गाडी लागते. यंदा मी इथंच चंद्राला ओवाळीन, ते तुम्हाला पोचलं असं समजा.

राग मानू नका. वहिनीला नमस्कार. आहे तेवढा लोभ उणा होऊ देऊ नका.

तुमची,
मंजुळा


फर्दापूर,
ता. ३० सप्टेंबर १९८७

चि. सौ. मंजुळास आशीर्वाद. वि. वि.

चंद्राला ओवाळतात त्या बिनभावाच्या बायका. मी अजून जिता आहे.

तुझी चारही कारणं मी वहिनीला वाचून दाखवली. ती म्हणाली की चार कारणं देणाऱ्याचं पाचवंच खरं असतं. तिच्या मते गेल्या वर्षीच्या साडीचा रंग तुला आवडला नाही. माझ्या मते मुराळी न धाडल्याचा राग तू वर्षभर पोटात ठेवला आहेस. बिगर मुराळ्याची लेक माहेरी आली, असं तुमच्या गल्लीत कुणी बोललं असेल, तर चूक माझी आहे. पण त्यासाठी माहेर तोडतात का?

खरं काय ते लिही. मी वाट बघतो आहे. माया आटली असली तर तेही लिही.

बद्रीनाथ


औरंगाबाद,
ता. ५ ऑक्टोबर १९८७

ती. दादांस शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून रडले, मग भाकरी थापल्या, मग लिहायला बसले. साडीचा रंग चांगला आहे आणि मुराळ्याचा मला राग नाही.

दादा, बन्सी आता चौदाचा झाला. मिसरूड फुटलं आहे, अक्कल मात्र तीन वर्षांच्या पोराची. लघवी आली की बोलता येत नाही म्हणून माझा पदर ओढतो. नाडी सोडावी लागते, धरून उभं करावं लागतं. लहान होता तोवर मी त्याला बायकांच्या मुतारीत न्यायचे, कुणी काही म्हणायचं नाही. गेल्या दिवाळीला तुमच्याकडे येताना मधल्या स्टँडवर गाडी थांबली, तिथं नेहमीसारखी आत घेऊन गेले. आत एकच ओरडा झाला. एकजण म्हणाली, एवढा बाप्या घिऊन आत येती, लाज हाय का न्हाई. तिची तरी काय चूक, तिच्यासोबत तिच्या वयात आलेल्या पोरी होत्या.

मग पुरुषांच्या दाराशी जाऊन उभी राहिले. एका भल्या माणसाला विनवलं. त्यानं बन्सीला आत नेलं आणि गाडी सुटते म्हणून तिथंच सोडून पळाला. आतून बन्सीचं रडणं ऐकू यायला लागलं. शेवटी डोक्यावरून पदर ओढून मी आत गेले. पुढचं लिहीत नाही. तुमच्याकडे आल्यावर त्याचा पायजमा बदलला, तो नळाखाली भिजला असं वहिनीला खोटंच सांगितलं.

तेव्हापासून मी एक युक्ती काढली. बाहेर जायचं असलं की आदल्या संध्याकाळपासून बन्सीला पाणी द्यायचं नाही. मीही प्यायचं नाही, कारण मी आत गेले तर त्याला धरणार कोण? तो रस म्हणून काढून घेतला, दादा. दर महिन्याला दवाखान्यात न्यायचं तेही असंच. मला वाटायचं, केवढी शहाणी मी. श्रावणात त्याला ताप भरला, लघवीला आग व्हायला लागली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पाणी किती पितो. मी खरं ते सांगितलं. त्या म्हणाल्या की पुन्हा असं केलंत तर मूत्रपिंड जाईल. माझं लेकरू मीच तहानलेलं ठेवलं.

म्हणून आता ठरवून टाकलं. तो घरात राहील, पोटभर पाणी पिईल आणि मीही घरातच राहीन. यांना सांगून पाहिलं, हे म्हणतात मला ते जमत नाही. कामावरून दमून येतात आणि भांडायला माझ्यातही जीव उरला नाही. मी थकले आहे, दादा.

वहिनीला यातलं जेवढं सांगावंसं वाटेल तेवढं सांगा. लोभ ठेवा, येणं होवो न होवो.

मंजुळा


फर्दापूर,
ता. १० ऑक्टोबर १९८७

चि. सौ. मंजुळास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र हॉटेलात वाचलं आणि गिऱ्हाईकाला चहा म्हणून नुसतं गरम पाणी दिलं. वहिनीला सगळंच सांगितलं. ती चुलीपुढं डोळे पुसत होती आणि नाव धुराचं सांगत होती.

आता माझं ऐक. मुराळी म्हणून मीच येतो. पन्नाशीचा मुराळी बघून तुमची गल्ली हसली तर हसू दे. पण मला शिकवून ठेव. मला दोन पोरं झाली, एकाचीही नाडी मी कधी सोडली नाही, सगळं तुझ्या वहिनीनं केलं. बन्सीला कसं धरायचं, तो कशाला घाबरतो, बारीकसारीक सगळं लिही. लाजू नकोस, लहानपणी तुला मीच परसाकडे न्यायचो.

निघायच्या सकाळी त्याला पाणी द्यायचं, तूही प्यायचं. एवढं ऐकलंस तर माया पोचली म्हणेन.

बद्रीनाथ


औरंगाबाद,
ता. १४ ऑक्टोबर १९८७

ती. दादांस शि. सा. न. वि. वि.

लिहिते. तुम्हाला पदर नाही, तेव्हा खांद्यावर उपरणं ठेवा, तो तेच ओढील. मागून दोन्ही काखांत हात घाला, त्याचा डावा पाय वळतो. वरची टाकी खळाळली की दचकतो, म्हणून काहीतरी बोलत राहावं लागतं. मी गाड्यांच्या पाट्या म्हणते, सिल्लोड, भोकरदन, जळगाव, त्याला ते आवडतं. झालं की मान हलवतो. मग हात धुऊ द्या, नाहीतर तिथंच बसकण मारतो.

काही राहिलं का म्हणून यांना वाचून दाखवलं. हे पेपर वाचत होते. राहिलं असं काही म्हणाले नाहीत, पण पेपरचं पानही उलटलं नाही.

वाट बघते. लोभ घेऊनच या.

मंजुळा


औरंगाबाद,
ता. ३० ऑक्टोबर १९८७

ती. दादांस व सौ. वहिनीस शि. सा. न. वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो. वहिनीच्या करंज्या वाटेतच संपल्या. सोमवारी दवाखान्याची तारीख आहे आणि यांची शिफ्ट आहे, म्हणजे पुन्हा मी एकटीच. त्याचं काय करायचं ते अजून माहीत नाही.

तुमच्याकडे येताना स्टँडवर तुम्ही बन्सीला घेऊन बाहेर आलात, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, आणि मला म्हणालात, आता तू जा. मी आत इतका वेळ काय करत होते, हे तुम्ही दोनदा विचारलंत. तुम्हाला वाटलं मला चक्कर आली. दादा, माझं तर लगेच झालं होतं. मी कडी लावून नुसती उभी होते. कुणी माझा पदर ओढत नव्हतं, कुणाला मी धरलेलं नव्हतं. बाहेरून एक बाई दार वाजवत होती, तरी थोडा वेळ तशीच उभी राहिले. चौदा वर्षांत असं झालं नव्हतं. तेव्हा सांगायची लाज वाटली.

हे भाऊबीजेला आले, आम्हाला घेऊन निघाले. परतीला गाडी त्याच स्टँडवर थांबली. बन्सीनं माझा पदर ओढला. मी उठत होते, तेवढ्यात यांनी पिशवीतला टॉवेल काढून स्वतःच्या खांद्यावर टाकला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बन्सी एकदा माझ्याकडे, एकदा टॉवेलकडे बघत राहिला आणि मग त्यानं टॉवेल धरला. मला बरं वाटलं आणि खरं सांगते, थोडं वाईटही वाटलं. मी बाहेर उभी होते. आतून यांचा आवाज आला, जळगाव, सिल्लोड, भोकरदन. क्रम चुकला होता.

दोघं बाहेर आले तेव्हा यांचे दोन्ही बूट भिजलेले होते आणि मान खाली. मी काही बोलले नाही, नाहीतर पुन्हा जमत नाही म्हणायचे. समोर रसवंती होती. बन्सी दोन ग्लास प्यायला, मी एक, हे एक. बन्सी तिसऱ्यासाठी हात पुढं करायला लागला, तेव्हा मी यांना म्हटलं की आता पुन्हा न्यावं लागेल.

हे म्हणाले, "जाऊ की."

बन्सी तुमचं उपरणं अजून शोधतो. लोभ तिथंच सांडून आलो आहोत, तो सांभाळा.

तुमची,
मंजुळा